तट्टं विका, बंब घ्या

जुलैच्या शेवटच्या बुधवारी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या पूर्व किनाऱ्यावर हजारो माणसं पहाटेपासून दलदलीत उभी असतात. पायात गमबूट, गळ्यात दुर्बीण, खांद्यावर पेंगुळलेलं पोर आणि चहूबाजूंनी डास. समोर खाडीचा अरुंद पट्टा, पलीकडे अ‍ॅसाटीग बेट. नेमकी वेळ घड्याळ ठरवत नाही, भरती-ओहोटी ठरवते. पाणी चढतही नाही आणि उतरतही नाही असा थोडा वेळ मिळतो, तो गाठायचा असतो. तो आला की तटरक्षक दलाकडून लाल धुराचा इशारा होतो. मग पलीकडच्या काठावरून तट्टांचा कळप पाण्यात उतरतो. आया, त्यांची शिंगरं, मागेपुढे घोडेस्वार. पाच-दहा मिनिटांत सगळा कळप पोहून अलीकडे येतो. जे शिंगरू सर्वांत आधी काठाला लागेल ते त्या वर्षीचं ‘किंग नेपच्यून’ किंवा ‘क्वीन नेपच्यून’. त्याची सोडत निघते आणि एका तिकीटवाल्याचं नशीब फळफळतं. बाकीच्या शिंगरांचा दुसऱ्या दिवशी जत्रेच्या मैदानावर लिलाव होतो.

पैसे जातात शिंकोटीग व्हॉलंटियर फायर कंपनीकडे. म्हणजे अलीकडच्या शिंकोटीग गावातल्या बिनपगारी अग्निशमन दलाकडे. हा कळपही त्या दलाच्याच मालकीचा.

या अंकासाठी संपादकांनी दिलेला विषय ‘वर्गणी’. वर्गणी म्हटलं की मराठी माणसाला पावतीपुस्तक आठवतं, मंडळाची पोरं आठवतात आणि रविवारी दुपारी वाजलेली दाराची घंटा आठवते. आगीचा बंब त्यात कुठे बसत नाही. मुंबईचं अग्निशमन दल १८८७चं, पगारी. इतर शहरांत ते महापालिकेचं नाहीतर नगरपालिकेचं. बंब करातून येतो आणि उशिरा आला तर शिव्या नगरसेवकाला. अमेरिकेत चित्र उलटं आहे. नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनच्या २०२०च्या मोजणीनुसार तिथे सुमारे १० लाख ४१ हजार अग्निशामक होते आणि त्यातले ६ लाख ७६ हजार ९००, म्हणजे शंभरातले पासष्ट, स्वयंसेवक. दिवसा गवंडी, प्लंबर, शाळेतला शिक्षक, बँकेतला कारकून. कमरेचा पेजर वाजला की अग्निशामक. पगार नाही हे एक वेळ समजतं. पण बंब, पाइप, हेल्मेट, श्वसनयंत्र आणि डिझेल यांचे पैसे बऱ्याच ठिकाणी त्यांनाच उभे करावे लागतात.

दोन आगी आणि जुनी जत्रा

शिंकोटीग हे अकरा-साडेअकरा किलोमीटर लांबीचं बेट. वस्ती तीन-साडेतीन हजारांची. धंदा कालवं, शिंपल्या, मासळी आणि आता पर्यटन. १९२२पर्यंत मुख्य भूमीला जोडणारा रस्ताच नव्हता. जायचं-यायचं ते होडीने. अशा गावात लाकडी दुकानांची रांग पेटली तर मदतीला येणार कोण? १९२०मध्ये मेन स्ट्रीटचा एक भाग जळाला. १९२४मध्ये आणखी एका आगीने उरलेल्या बाजूचा घास घेतला. त्याच सुमारास गावाने स्वयंसेवी दल उभं केलं. दल झालं, पण हातात काही नव्हतं.

अ‍ॅसाटीगवरची रानटी तट्टं पकडून कोंडण्याची वहिवाट मात्र त्याहून जुनी होती. ही तट्टं आली कुठून? लोककथा सांगते, किनाऱ्यावर फुटलेल्या स्पॅनिश गलबतातून. इतिहासकारांचा कल साध्या कारणाकडे आहे: सतराव्या शतकातल्या शेतकऱ्यांनी कुंपणाचा खर्च आणि जनावरांवरचा कर टाळायला ती बेटावर सोडून दिली. २०२२मध्ये हैतीतल्या एका जुन्या स्पॅनिश वसाहतीत सापडलेल्या सोळाव्या शतकातल्या घोड्याच्या दाताचा डीएनए शिंकोटीगच्या तट्टांशी बराच जुळल्याचं संशोधकांनी प्रसिद्ध केलं आणि गलबतवाल्यांना पुन्हा उत्साह आला. ते काहीही असो. मोकळी जनावरं वर्षातून एकदा गोळा करायची, डाग द्यायचा, काही विकायची, आणि त्या निमित्ताने खाणंपिणं करायचं, हा तिथला सण होताच. १९२५मध्ये गावाने नव्या दलाला या सणात जत्रा भरवून निधी गोळा करायची मुभा दिली. त्या वर्षी पंधरा शिंगरं विकली गेली, सरासरी ७५ डॉलरना.

सणाला दलाने हात लावला नाही, त्याचा गल्ला तेवढा आपल्याकडे वळवला. निधी गोळा करणाऱ्या कुठल्याही संस्थेने शिकावी अशी ही हुशारी आहे. लोकांना नव्या कारणासाठी नव्या ठिकाणी बोलवावं लागलं नाही. ते येतच होते.

मग १९४७मध्ये मार्गरीट हेन्री या लेखिकेची ‘मिस्टी ऑफ शिंकोटीग’ ही मुलांची कादंबरी आली. गाजली. १९६१मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. कादंबरीतली मिस्टी खरीखुरी घोडी होती. मार्च १९६२च्या भयंकर वादळात बेट पाण्याखाली गेलं तेव्हा तिला घराच्या स्वयंपाकघरात ठेवलं होतं. त्या वादळात कळपातली कितीतरी तट्टं बुडाली आणि तो पुन्हा उभा करण्यासाठीच निधी जमवायची वेळ आली. आगीच्या सामानासाठी घोडे, आता घोड्यांसाठी वर्गणी! तोवर मिस्टीच्या नावाने देशभरातली मुलं शिंकोटीगला ओळखत होती, त्यामुळे तेही निभावलं.

दलाच्या गोठ्यात

अ‍ॅसाटीगच्या व्हर्जिनियाकडच्या भागात १९४३मध्ये पाणपक्ष्यांसाठी राष्ट्रीय अभयारण्य झालं. चराई त्या जमिनीवर, जमीन केंद्राच्या वन्यजीव खात्याची, जनावरं फायर कंपनीची. खात्याच्या परवान्यात अट आहे: मोठी तट्टं दीडशेच्या वर नकोत. दरवर्षी साठ-सत्तर शिंगरं जन्मतात, म्हणजे विकण्यावाचून इलाजच नाही. बेटाचं गवत वाचवायचं आणि बंबाचे हप्ते फेडायचे, ही दोन्ही कामं एकाच लिलावात होतात.

लिलाव बघणाऱ्याला गंमत वाटते. बाकड्यांवर खच्चून गर्दी, लिलाववाल्याची श्वास न घेता चाललेली बडबड, आणि रिंगणात दोन-तीन धट्टेकट्टे स्वयंसेवक एका लाथाडणाऱ्या शिंगराला मिठीत धरून उभे. जी शिंगरं फारच लहान असतात ती विकली तरी आईजवळ ठेवतात. घेणाऱ्याने शरद ऋतूत येऊन न्यायची. काही शिंगरं ‘बाय बॅक’ म्हणून पुकारली जातात. सर्वांत मोठी बोली लावणारा पैसे भरतो, शिंगराला नाव ठेवतो, त्याच्यासोबत फोटो काढतो आणि शिंगरू कळपालाच परत देतो. हातात काहीच येत नाही, तरी मोठमोठ्या बोल्या बहुधा याच शिंगरांवर लागतात. २०१५मध्ये एका शिंगराची बोली २५ हजार डॉलरवर गेली तेव्हा तो उच्चांक होता. पुढे तोही मोडला. १९२५च्या ७५ डॉलरच्या शेजारी हा आकडा ठेवला की बेटाच्या लोकांनी नेमकं काय विकायला घेतलं ते कळतं. दुसरीकडे ‘फेदर फंड’सारखी संस्था आहे. साठवलेले पैसे घेऊन आलेल्या मुलांना शिंगरू घ्यायला ती हातभार लावते. एरवी मोठ्यांच्या बोल्यांपुढे पोरांचा गल्ला टिकला नसता.

शुक्रवारी मोठी तट्टं पोहत परत जातात आणि पर्यटकही घरी जातात. दलाचं काम मात्र वर्षभर चालू राहतं. वसंतात आणि शरदात पुन्हा कळप गोळा करायचा, पशुवैद्याकडून तपासायचा, लसी टोचायच्या. उन्हाळ्यात पाण्याची डबकी आटली, हिवाळ्यात बर्फ साठलं, की कुणीतरी जाऊन बघायचं. २०१८मध्ये पिथिओसिस नावाचा, साचलेल्या पाण्यातून होणारा रोग कळपात शिरला आणि काही तट्टं दगावली. तेव्हा लसीची धावपळही याच मंडळींनी केली. प्राणिप्रेमी संघटना पोहवण्याला आणि शिंगरांना आयांपासून तोडण्याला आक्षेप घेतात, त्यांना उत्तरंही यांनीच द्यायची. म्हणजे आगीसाठी नाव नोंदवलेला माणूस इथे थोडा गुराखी, थोडा व्यापारी आणि थोडा जनसंपर्क अधिकारीही होतो. जुलैच्या जत्रेत तो बिंगोचे आकडे ओरडतो, त्याच्या घरची माणसं कालवांची सँडविचं तळतात. आग लागली तर तव्यावरून उठून बंबावर.

एका माणसाला आगीत पाठवायचं तर

एवढा पैसा लागतो कशाला, हा प्रश्न शहाण्या देणगीदाराने विचारावाच.

जळत्या घरात शिरणाऱ्याचा कोट तीन थरांचा असतो. बाहेरचं कापड ज्वाला अडवतं, मधला पडदा पाणी थोपवून घामाची वाफ बाहेर सोडतो, आतला थर उष्णता रोखतो. कोट, विजार, हेल्मेट, टोपरं, हातमोजे, बूट असा पूर्ण पोशाख काही हजार डॉलरचा. अमेरिकेतल्या प्रचलित मानकाप्रमाणे तो तयार झाल्यापासून दहा वर्षांनी बाद होतो. वापरला असो वा खुंटीवर टांगलेला असो, नियम तोच. पाठीवरचा हवेचा सेट, ज्याला आपल्याकडचे जवान ‘बीए सेट’ म्हणतात, त्याहून महाग. त्याचा कार्बन फायबरचा सिलिंडर साधारणपणे पंधरा वर्षं चालतो आणि दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली तपासावा लागतो. वीस जणांच्या दलाने हिशोब मांडला तर बंबाला हात लावण्याआधीच मोठी रक्कम उडालेली असते.

आणि बंब? नवा बंब आता दहा लाख डॉलरच्या घरात गेला आहे. ऑर्डर दिली तरी तो यायला दोन-तीन वर्षं लागतात. खेड्यात रस्त्यावर हायड्रंट नसतात, म्हणून नुसता पंप पुरत नाही; पाण्याचे टँकर लागतात. आगीच्या जागी ताडपत्रीचा मोठा हौद उघडायचा, टँकरने त्यात पाणी ओतून तळ्याकडे धावायचं, तोवर पंपाने हौदातून उपसायचं. तीन टँकरची ही फेरी चालू राहिली तर नळीत पाणी राहतं. एक टँकर बिघडला की नळी सुकते.

त्यातच २०२४मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने अग्निशामकांच्या पोशाखातल्या पीफास रसायनांवर बंदीचा कायदा केला. ती २०२७पासून लागू व्हायची. पाणी न शिरू देणाऱ्या मधल्या थरात ही रसायनं असतात आणि कर्करोगाशी त्यांचा संबंध असल्याची चिंता अग्निशामकांच्या संघटनांनीच लावून धरली होती. मागणी रास्त आहे. पण मागच्याच वर्षी चिकन बार्बेक्यू विकून नवे कोट घेतलेल्या दलाच्या खजिनदाराने ही बातमी कशी वाचली असेल, याची कल्पना करता येते.

देणगीदाराचाही एक स्वभाव असतो. बंबाच्या दारावर नाव रंगवता येतं, म्हणून बंबाला पैसे मिळतात. सिलिंडरच्या पंचवार्षिक तपासणीवर कुणाचं नाव रंगवणार? विम्याच्या हप्त्यांचा मुद्दा मात्र घरमालकाला लगेच पटतो. विमा कंपन्यांसाठी प्रत्येक वस्तीच्या अग्निसुरक्षेला एक ते दहा असा दर्जा दिला जातो. ठाणं किती लांब, पाणी किती, पंप तपासलेले आहेत का, माणसं प्रशिक्षित आहेत का, हे त्यात धरतात. दर्जा सुधारला तर अनेक ठिकाणी घराचा विमा स्वस्त होतो. हुशार दलं वर्गणीच्या पत्रात हे आवर्जून सांगतात.

चिखलातला बाजार

पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यात घोड्यांना पोहवत नाहीत, पण विकतात. फेब्रुवारीच्या अखेरीस बर्फ वितळून शेतांचा राडा झाला की गावोगावची स्वयंसेवी दलं ‘मड सेल’ भरवतात. स्ट्रासबर्ग, गॉर्डनव्हिल, बार्ट टाउनशिप. दर शनिवारी नवं गाव. एकाच वेळी पाच-सहा ठिकाणी लिलाव चालू असतात. इथे गोधड्या, तिथे नांगर, पलीकडे घोडागाड्या, कोंबड्या, फर्निचर, रोपं. काही वस्तू दान दिलेल्या, त्यांचे सगळे पैसे दलाचे. काही लोकांनी विकायला आणून ठेवलेल्या, त्यावर दलाला टक्केवारी. तंबूत चिकन कॉर्न सूप आणि गरम डोनट.

गर्दीत काळ्या टोप्या आणि लांब झगे दिसतात ते आमिश लोकांचे. ही मंडळी घरात ग्रिडची वीज घेत नाहीत, मोटार चालवत नाहीत. पण अग्निशमन दलात त्यांचे तरुण मोठ्या संख्येने असतात. बंब दुसऱ्याने चालवायचा, नळी हे धरणार. यात विसंगती शोधणाऱ्यांनी त्यांचा हिशोब बघावा: बाजारातला विमा ते सहसा घेत नाहीत, नुकसान झालं तर समाज मिळून भरून देतो. लाकडी कोठार, त्यात कोरडं गवत, गोठ्यात जनावरं. एक कोठार वाचलं तर सगळ्या समाजाचा खर्च वाचतो. म्हणून आमिश बायका हिवाळाभर हातांनी गोधड्या शिवतात आणि मड सेलमध्ये सर्वाधिक माणसं त्याच तंबूभोवती असतात. शहरातून आलेला ग्राहक गोधडी घरी नेतो, खेड्याला पाइप मिळतो.

मासे, बिंगो, बूट

सगळ्याच गावांकडे तट्टं किंवा गोधड्या नसतात. मग जे असेल ते. ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत, शुक्रवारी कॅथलिक लोक मांस खात नाहीत, तेव्हा दलाच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांची पानं वाढली जातात. एरवी बिंगो, लग्नासाठी हॉलचं भाडं, पॅनकेकचा नाश्ता, आणि पेनसिल्व्हेनियात तर बंदुकांची सोडतसुद्धा. आगीपासून वाचवायला बंदूक विकायची, हे आपल्याला चमत्कारिक वाटतं. शिकारीच्या गावात कुणाची भुवईही वर होत नाही. राज्याकडून स्वयंसेवी दलांना मिळणाऱ्या अनुदानातला मोठा वाटा कॅसिनोच्या महसुलातून येतो. म्हणजे हॉलमध्ये बिंगो नसला तरी जुगार चुकत नाही.

चौकातल्या सिग्नलला बूट पुढे करणारे अग्निशामक बघून परदेशातला माणूस त्यात नोट टाकतो आणि गावाला नवा बंब मिळेल असं समजतो. अनेकदा तसं नसतं. ‘फिल द बूट’ ही मोहीम १९५४पासून पगारी अग्निशामकांची संघटना स्नायूंच्या विकाराने ग्रस्त असलेल्या रुग्णांच्या संस्थेसाठी चालवते. खेड्यातली दलं बूट घेऊन उभी राहतात ती स्वतःसाठी. बूट तोच, पैसे कुठे जाणार हे विचारून घ्यावं.

न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियाच्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी घरांच्या टपालपेटीतही वर्गणीचं पत्र येतं. गावाच्या दलाचं, सोबत पत्ता छापलेलं पाकीट. डिसेंबरात सांताक्लॉजला बंबावर बसवून सायरन वाजवत गल्लीतून फेरी काढतात, मुलांना खाऊ देतात, तेव्हा त्या पत्राची आठवण आपोआप होते. पुण्या-मुंबईत वाढलेल्या माणसाला पहिल्या वर्षी हे पत्र फसवणुकीचं वाटलं तर नवल नाही. बंबासाठी वर्गणी कोण मागतं?

केंद्र सरकारही देतं. २००१पासून दलांना स्पर्धेतून अनुदान मिळतं. वीस हजारांपर्यंतच्या वस्तीच्या दलाने स्वतःचे पाच टक्के घालायचे. पाच टक्के थोडे वाटतात. अवघड असतो तो अर्ज. आगीची, कॉलची, जुन्या सामानाची आकडेवारी द्यायची, गरज पटवून सांगायची, आणि हे सगळं दिवसभर ट्रक चालवून आलेल्या माणसाने रात्री जेवणाच्या टेबलावर बसून लिहायचं. ज्या दलात कुणाची तरी बायको, भाऊ किंवा निवृत्त शिक्षिका असं लिहिणारी असते, ते पुढे जातं. सर्वांत गरजू दलाकडे बहुधा तीच नसते.

जुनं सामान हा आणखी एक रस्ता. टेक्ससमध्ये कारखाने आणि मोठ्या शहरांची दलं वापरलेलं सामान देऊ इच्छित, पण ‘उद्या हा पाइप फुटला तर खटला आमच्यावर’ ही भीती आड यायची. राज्याने कायद्याने देणाऱ्याची जबाबदारी काढून घेतली आणि वनखात्यामार्फत सामान वाटायला सुरुवात केली. लष्कराचे जुने ट्रक असेच खेड्यांत येतात. गावातला वेल्डर त्यावर टाकी बसवतो आणि गवताच्या आगींना ते उत्तम चालतात.

पंच्याहत्तर डॉलर

वर्गणीवर उभ्या व्यवस्थेत एक प्रश्न कधीतरी येतोच: ज्याने दिली नाही त्याचं काय?

सप्टेंबर २०१०मध्ये टेनेसी राज्यातल्या ओबायन परगण्यात तो आला. साउथ फुल्टन शहराचं दल आसपासच्या ग्रामीण घरांना वर्षाला ७५ डॉलर भरल्यास सेवा द्यायचं. एका घराला आग लागली. त्या घराने पैसे भरले नव्हते. दल सुरुवातीला आलंच नाही. आग शेजाऱ्याच्या शेताकडे सरकली तेव्हा आलं, कारण शेजाऱ्याने भरले होते. शेजाऱ्याची हद्द भिजवली आणि घर जळू दिलं. घरमालक तिथेच लागेल ते पैसे द्यायला तयार होता. पुढच्या वर्षी त्याच भागात तसंच पुन्हा घडलं.

अधिकाऱ्यांचा युक्तिवाद पोकळ नव्हता: आग लागल्यावर पैसे चालणार असतील तर आधी कोण भरेल? हिशोब म्हणून हे बरोबर असेल. पण बघणाऱ्या जवानांच्या हातात नळी होती आणि ती त्यांनी उघडायची नव्हती, हे कुठल्याही हिशोबात बसवणं कठीण आहे. शिंकोटीगची किंवा लँकेस्टरची दलं वर्गणी मागतात, आग विझवताना पावती मागत नाहीत. तोटा सोसतात आणि पुढच्या शनिवारी पुन्हा चुली पेटवतात. जर्मनीत हा पेच फारसा उद्भवत नाही. तिथे दहा लाखांच्या आसपास स्वयंसेवक आहेत, पण बंब आणि सामान पुरवणं ही कायद्याने नगरपालिकेची जबाबदारी आहे. दलाच्या उत्सवातली बिअर तंबूसाठी आणि पोरांच्या पथकासाठी कमावते. चिलीत आणखी वेगळं. १८५१मध्ये वाल्पराइसोपासून सुरू झालेली तिथली दलं आजही पूर्ण बिनपगारी आहेत, आणि दलात राहायचं तर सभासदालाच दरमहा वर्गणी भरावी लागते. पैसे देऊन आगीत जायचं!

पैसा जास्त झाला तेव्हा

३ जानेवारी २०२०. ऑस्ट्रेलियात वणवे पेटलेले. महिनाभर आधी न्यू साउथ वेल्समधले काही स्वयंसेवक धुरापासून वाचवणाऱ्या मास्कसाठी इंटरनेटवर पैसे मागत होते. अशा वेळी सेलेस्ट बार्बर या विनोदी अभिनेत्रीने फेसबुकवर आवाहन केलं. अपेक्षा ३० हजार डॉलरची. जमले पाच कोटी दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर, जगभरातून.

आकडा वाढत गेला तसं बार्बरने जाहीर केलं की पैसे इतर राज्यांनाही मिळतील, जखमी प्राण्यांनाही, घरं गमावलेल्यांनाही. देणाऱ्यांनाही तेच हवं होतं. पण आवाहनात ज्या ट्रस्टचं नाव निवडलं होतं तो होता न्यू साउथ वेल्स रूरल फायर सर्व्हिसच्या ब्रिगेडना मिळणाऱ्या देणग्यांचा. त्याच्या दस्तऐवजात उद्देश स्पष्ट लिहिलेले: आग विझवण्याचं सामान आणि सोयी, प्रशिक्षण, ब्रिगेडचा खर्च. मे २०२०मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती मायकल स्लॅटरी यांनी निकाल दिला: पैसे दुसऱ्या संस्थांना देता येणार नाहीत, देणाऱ्यांच्या मनात काहीही असलं तरी. मृत आणि जखमी अग्निशामकांच्या कुटुंबांसाठी निधी, मानसिक उपचार आणि प्रशिक्षण यांना मात्र मुभा मिळाली.

अनेकांना हा निकाल कोरडा वाटला. पण कॅमेरा नसताना वर्षानुवर्षं सामानाची वाट बघणाऱ्या ब्रिगेडांच्या बाजूने विचार केला तर तो न्याय्यच होता. त्या ट्रस्टच्या नावावर एवढे पैसे पहिल्यांदाच आले होते, आणि पुन्हा इतके येतील याची शाश्वती नव्हती. वणवे विझले की लक्ष दुसरीकडे जातं. ट्रकचे टायर मात्र दरवर्षी झिजतात.

हात कमी, चुली तेवढ्याच

पैशाच्या मागे आणखी एक तुटवडा उभा आहे. पेनसिल्व्हेनियात १९७०च्या दशकात तीन लाखांच्या घरात असलेले स्वयंसेवक २०१८पर्यंत ३८ हजारांच्या आसपास आले, असं त्या राज्याच्या विधिमंडळाने नेमलेल्या आयोगाच्या अहवालात म्हटलं आहे. कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत: नोकरी गावापासून लांब, दोघंही कमावते, आणि प्रशिक्षणाचे दीडशेहून अधिक तास. त्यात एक कारण निधी गोळा करण्याचं. जो तरुण आग विझवायची म्हणून येतो त्याला पहिल्या महिन्यात बटाटे सोलायला बसवलं तर दुसऱ्या महिन्यात तो येत नाही. स्वयंपाकाची बाजू वर्षानुवर्षं सांभाळलेल्या महिला मंडळांच्या सदस्याही आता सत्तरीत आहेत. २०२०मध्ये साथीमुळे हॉल बंद झाले तेव्हा बऱ्याच दलांचा वर्षभराचा गल्ला बुडाला आणि राज्याला हात द्यावा लागला.

म्हणून काही गावांनी थेट अग्निकर लावला. काहींनी हॉल विकला. काही शेजारी दलं एकत्र येत आहेत. सरकार त्याला उत्तेजन देतं, कारण दोन अर्धवट दलांपेक्षा एक पूर्ण दल बरं. कागदावर हे सोपं असतं. बैठकीत अडतं ते बंबाच्या लाल रंगाची कोणती छटा ठेवायची, दारावर कुणाचं नाव वर रंगवायचं आणि शुक्रवारचे मासे यापुढे कुणाच्या हॉलमध्ये तळायचे, इथे.